पिसाळलेला कुत्रा, दहा दिवस आणि नगरपंचायत

एका नगरसेविकेचा प्रश्न असा आहे: "आमच्या नगरपंचायतीच्या हद्दीत तीन आठवड्यांपूर्वी एका भटक्या कुत्र्याने दोन वाड्यांत मिळून सात माणसांना आणि एका म्हशीला चावे घेतले. लोकांनी त्याला काठ्यांनी मारलं आणि ओढ्याकाठी पुरलं. आता येत्या सभेत 'गावातली सगळी कुत्री पकडून हद्दीबाहेर सोडावीत' असा ठराव आणायचा म्हणतात. मुख्याधिकारी म्हणतात, कायद्याने हात बांधलेत. नियम नक्की काय सांगतो आणि आम्ही करायचं काय?"

ताई, ठरावाचं नंतर बघू. आधी त्या सात जणांचं बघा, कारण त्यांच्यासाठी घड्याळ चालू आहे.

कुत्रा मेला, तपासणी झाली नाही. म्हणजे तो पिसाळलेलाच, रेबीज झालेलाच होता असं धरून चालायचं. सातही जणांच्या घरी आरोग्यसेविकेला घेऊन स्वतः जा आणि लसीचं कार्ड हातात घेऊन तारखा वाचा. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात. तिसऱ्या डोसापर्यंत जखम भरलेली असते, दुखायचं थांबलेलं असतं, शेतातली कामं असतात आणि चौथा डोस राहून जातो. माझ्या पशुवैद्यकाच्या नोकरीत अर्धवट राहिलेली जितकी कार्डं पाहिली, त्यातली बहुतेक चौथ्या रकान्यापाशीच कोरी होती. ज्यांना रक्त येईल असा चावा आहे त्यांना लसीबरोबर जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मिळालं का, तेही विचारा. सीरम लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आतच देतात, नंतर त्याचा उपयोग नसतो. आणि कोणी हळद-चुना लावून गप्प बसलं असेल, एकही लस घेतली नसेल, तर आज घ्यायला लावा. लक्षणं नाहीत तोवर उशीर झाला असं म्हणायचं नाही. रोगाचा सुप्त काळ, म्हणजे चाव्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, साधारण एक ते तीन महिने असतो, कधी आठवडाभर, कधी वर्षही. सातचा आकडासुद्धा पक्का मानू नका. मार बसेल म्हणून ओरखडा लपवणारं एखादं पोर प्रत्येक वाडीत असतं.

म्हशीला चाव्यानंतरची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी द्यायची असते. सुरू झाली नसेल तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना आजच फोन करा. मालकाला एक गोष्ट बजावा: जनावर घोगऱ्या आवाजात सारखं हंबरायला लागलं, लाळ गाळायला लागलं, कुंथायला लागलं, तर घशात काहीतरी अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नको. गुरांच्या रेबीजमध्ये माणसांना धोका होतो तो बहुतेक वेळा असाच. दूध कच्चं प्यायचं नाही. उकळलेलं दूध, त्याचा चहा पोटात गेला म्हणून अख्ख्या वाडीने दवाखान्यापुढे रांग लावायची गरज नाही. अशा रांगेत लस संपते आणि खरा चावलेला माणूस परत जातो, हे मी पाहिलेलं आहे.

आता "हात बांधलेत" याकडे वळू.

मुख्याधिकाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुत्र्यांना सरसकट मारायला किंवा उचलून दुसरीकडे सोडायला बंदी आहे, ती 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यामुळे आणि त्याखालच्या नियमांमुळे. पूर्वी 2001 चे श्वान प्रजनन नियंत्रण नियम होते. त्यांच्या जागी 10 मार्च 2023 ला नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. पण या नियमांत जितकं "करू नका" आहे त्याहून जास्त "करा" आहे, आणि ते "करा" स्थानिक स्वराज्य संस्थेला, म्हणजे तुम्हालाच सांगितलेलं आहे. नसबंदी आणि लसीकरण तुम्ही करायचं, स्वतः किंवा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून. देखरेख समिती तुम्ही नेमायची. चाव्याच्या तक्रारींची नोंद तुम्ही ठेवायची. पिसाळल्याचा संशय असलेला कुत्रा तुमच्या पथकाने पकडायचा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय आहे. पशुसंवर्धन खात्याकडे बोट दाखवून हे काम टळत नाही.

दुसरा कायदा फायलीत सहसा कोणी लावत नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा 2009 चा कायदा. त्याच्या अनुसूचीत रेबीज आहे. जनावराला असा रोग झाल्याचा संशय आला, तर मालकाने, संस्थेने, ग्रामपंचायतीने तो कळवायचा आणि खबर जवळच्या पशुवैद्यकापर्यंत पोचवायची, असं त्यात बंधन आहे. तुमच्या ओढ्याकाठच्या कुत्र्याची अशी लेखी खबर गेली होती का? गेली नसेल तर आज पाठवा. तीन आठवडे उशिरा का होईना, कागदावर ती घटना आली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्याच गावाचा आकडा "रेबीज: निरंक" असा जाईल.

आता दहा दिवसांचा नियम. सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. कुत्रा किंवा मांजर चावण्याच्या वेळी लाळेतून विषाणू टाकत असेल, तर दहा दिवसांच्या आत त्याला लक्षणं दिसतात आणि ते मरतं. दहा दिवसांनी जनावर ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. हा हिशोब फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना नाही. आणि "दहा दिवस बघू, मग लस घेऊ" असा त्याचा अर्थ तर मुळीच नाही. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. कुत्रा जगला तर पुढचे डोस थांबवायचे की कसं, ते डॉक्टर ठरवतील.

2023 च्या नियमात याची पद्धत दिलेली आहे. तक्रार आली की पथकाने संशयित कुत्रा पकडायचा. तुमचा पशुवैद्यक आणि प्राणी कल्याण संस्थेचा प्रतिनिधी अशा दोघांनी त्याला तपासायचं. रेबीजची दाट शक्यता वाटली तर नैसर्गिक मृत्यूपर्यंत एकट्याला वेगळं ठेवायचं. नुसताच चिडका असेल किंवा दुसरा काही आजार असेल, तर उपचार आणि दहा दिवसांचं निरीक्षण. आधीच्या 2001 च्या नियमात एक समजूतदार वाक्य होतं: संशयित कुत्रा आधीच मारून टाकला की रेबीजचं खरं प्रमाण कळत नाही आणि योग्य कारवाई होत नाही. तुमच्या गावात नेमकं हेच झालं. मारणाऱ्यांना मी दोष देत नाही. अंगावर आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्यापुढे कोणी नियम वाचत बसत नाही. पण पिंजरा असता, जाळी असती, फोन लावायला एक नंबर असता, तर तो कुत्रा दहा दिवसांच्या आत आपोआप मेला असता आणि आज तुमच्या हातात प्रयोगशाळेचा कागद असता.

असाध्य आजारी किंवा मरणाच्या दारातल्या कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद याच नियमांत आहे. समितीने नेमलेल्या पथकाने निदान करायचं आणि पात्र पशुवैद्यकाने सोडियम पेंटोबार्बिटलने ते करायचं. जबडा लोंबलेला, मागचे पाय गेलेले, लाळेची धार लागलेली अशा जनावराला तडफडत ठेवणं मला कधीच पटलं नाही. तिथे पथकाचं लेखी मत घेऊन ही दुसरी वाट वापरावी, असं माझं मत आहे. मात्र वाट कोणतीही घ्या, मेंदूचा नमुना गेलाच पाहिजे.

नमुन्याची गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका वाडीत चार जणांना चावलेला कुत्रा आम्ही रिकाम्या गोठ्यात कोंडला. तिसऱ्या दिवशी तो मेला. मी मोठ्या उत्साहाने मेंदू काढला आणि कॉलेजात पाहिलेलं आठवून फॉर्मॅलिनच्या बाटलीत बुडवला. प्रयोगशाळेतून फोन आला, "डॉक्टर, हे रेबीजच्या फ्लोरोसंट अँटीबॉडी चाचणीसाठी चालत नाही, ताजा मेंदू लागतो, बर्फात." गोठ्याच्या मालकिणीच्या बोटाला काप होता आणि त्या कुत्र्याने, आजारी दिसायच्या आधी, तो चाटला होता. तिला लस द्यायची की नाही यावर दोन दिवस घोळ झाला. शेवटी दिली. ते दोन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: डोकं किंवा मेंदूचा तुकडा गळणार नाही अशा दोन-तीन पिशव्यांत, बर्फाच्या डब्यात, चिठ्ठीसह. सगळी कवटी फोडायची गरज नसते. डोक्यामागच्या मोठ्या छिद्रातून प्लॅस्टिकची नळी घालून नमुना काढता येतो, पण ज्याने स्वतः लस घेतली आहे अशा पशुवैद्यकानेच, हातमोजे आणि चष्मा लावून. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यात औंधची विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा ही आपल्याकडची जुनी ठिकाणं. दक्षिणेकडच्या सीमेवर असाल तर बंगळुरूची हेब्बाळची प्रयोगशाळा जागतिक दर्जाची आहे. नमुना न्यायला माणूस, गाडी आणि रजेच्या दिवशीही उचलला जाणारा फोन, एवढ्याचीच आधी लेखी तजवीज करा. पुरलेला कुत्रा मात्र आता उकरू नका, त्यातून काही निघणार नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. तुमच्या नगरपंचायतीत रेबीजचं सगळं काम "नसबंदी" नावाच्या एकाच फाईलमध्ये आहे ना? जवळपास सगळीकडे तसंच असतं. निविदा निघते, संस्था येते, कुत्रा उचलते, शस्त्रक्रिया करते, त्याच वेळी रेबीजची लस टोचते, कानाला खाच पाडते, आणून सोडते. बिल शस्त्रक्रियांवर निघतं, काढलेले अवयव मोजून. काम चांगलं आहे, त्याने हळूहळू संख्या कमी होते. पण त्याने रेबीज थांबत नाही.

हिशोब मांडून बघा. समजा तुमच्या हद्दीत 1,200 कुत्री आहेत. साखळी तुटायला त्यातल्या किमान 70 टक्क्यांना लस लागते, म्हणजे 840. छोट्या केंद्रात दिवसाला पाच शस्त्रक्रिया झाल्या तर 840 व्हायला 168 कामाचे दिवस लागतील, सुट्ट्या आणि पावसाळा धरून जवळजवळ वर्ष. तोवर पहिल्यांदा टोचलेल्या कुत्र्यांचा पुढचा डोस आलेला असतो, काही गाड्यांखाली गेलेली असतात आणि पिल्लांची नवी फळी रस्त्यावर आलेली असते. रस्त्यावरच्या कुत्र्याचं आयुष्य मुळात तोकडं. शिवाय सहा महिन्यांखालच्या कुत्र्याची नसबंदी करायची नाही, पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीला उचलायचं नाही. नियम बरोबरच आहेत, पण लस शस्त्रक्रियेला बांधली की ही दोन्ही मंडळी लसीवाचून राहतात. त्याच 840 कुत्र्यांना फक्त टोचून सोडायचं असेल तर जाळीवालं एक पथक दिवसाला 50 च्या आसपास करतं, हा माझा अनुभव. सतरा दिवस. दोन पथकं असली तर नऊ.

हे पुस्तकी नाही, शेजारच्या गोव्यात झालेलं आहे. तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी 2014 पासून हेच केलं. पथकं वाड्यावाड्यांतून फिरली, मालकाचा कुत्रा असेल तर मालकाने धरायचा, भटका असेल तर जाळीने, जागेवर लस, अंगावर रंगाचा पट्टा आणि लगेच सुटका. नंतर कोणीतरी वेगळा माणूस त्याच गल्लीतून फिरून रंगवलेली किती आणि बिनरंगाची किती ते मोजतो. 70 टक्के भरले नाहीत तर पथक परत जातं. मला ही मोजणी सगळ्यात आवडते, कारण तिथे ठेकेदाराच्या रजिस्टरवर विसंबावं लागत नाही. वर्षाला 90 हजारांहून जास्त डोस, सोबत तक्रारींसाठी फोन आणि संशयित कुत्रा उचलणारं पथक, शाळांमधून मुलांचं शिक्षण. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदी 92 टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या गावांनी याकडे नीट बघावं. कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही.

म्हणून ठराव आणायचाच तर लसीकरणाचा स्वतंत्र ठराव आणा, नसबंदीच्या निविदेत त्याला ओळ म्हणून घुसवू नका. दहा डोसांची बाटली घेतली तर लस हा खर्चातला लहान भाग असतो, माणसं आणि गाडी महाग पडतात. केंद्राच्या ॲस्कॅड (पशुरोग नियंत्रणासाठी राज्यांना मदत) योजनेतून पशुसंवर्धन विभागाला रेबीजची लस मिळू शकते, उपायुक्तांना लेखी मागणी करा. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. पाण्याच्या बाटल्या आणि चिकन ठेवलेला कार्यालयातला फ्रीज चालणार नाही. आणि पकडणाऱ्या पोरांना आधी त्यांची स्वतःची लस द्या, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. ठेकेदाराची माणसं म्हणून हे टाळलं जातं. चावा तर त्यांनाच पहिल्यांदा होतो.

"हद्दीबाहेर सोडा" या ठरावाचं काय? तो नियमात बसत नाही, कारण पकडलेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. पण नियम बाजूला ठेवला तरी ते तोट्याचं आहे. तुम्ही टोचलेली कुत्री घालवाल आणि रिकाम्या जागी, कोंबडीवाल्याच्या दुकानामागे, शेजारच्या गावातली न टोचलेली येतील. त्यातून त्या पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेलं एखादं जनावर गाडीत भरून तुम्ही पुढच्या गावाला पोचवलंत, तर तिथल्या साथीचं पाप तुमच्या ठरावावर. त्यापेक्षा त्या कुत्र्याने आणखी कोणत्या कुत्र्यांशी झटापट केली ते दोन्ही वाड्यांत विचारा. चावलेल्या पाळीव कुत्र्याची लस आधी झालेली असेल तर लगेच पुन्हा डोस. झालेली नसेल तर म्हशीसारखे पाच डोस, बांधून ठेवणं आणि काही महिने नजर. आणि त्या दोन वाड्या, आजूबाजूचा भाग, इथूनच लसीकरणाची सुरुवात.

जिथून उचलला तिथेच सोडायचा, या नियमाला सर्वोच्च न्यायालयाने काही अपवाद केलेत, ते सभेत नक्की निघतील. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशाने नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडायची हे कायम ठेवलं, पण पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. खायला घालण्यासाठी प्रभागात ठरावीक जागा नेमायलाही सांगितलं. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून कुत्री हलवायची आणि पुन्हा तिथे सोडायची नाहीत असं आहे. त्यांच्यासाठी निवारा लागतो. त्याची जागा आणि खर्च आधी ठरवा, मग कुत्री उचला, उलटं नको. आणि फाईल वर पाठवण्याआधी विधी सल्लागाराकडून ताजा आदेश जोडून घ्या.

पाळीव कुत्र्यांचं काम त्या मानाने सोपं आहे. परवान्याचे उपविधी करा, लसीचा दाखला नसेल तर परवाना नाही आणि नूतनीकरण लसीकरणाच्या मोहिमेतच, वॉर्डातल्या चौकात टेबल टाकून. पुणे-मुंबईत परवाना आहे, पण लोक कार्यालयात हेलपाटे घालत नाहीत म्हणून तो कागदावर राहतो. कुत्रा मोकळा सोडून लोकांना धोका करणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विष घालणाऱ्यावर 325. दोन्ही कलमं सभेत वाचून दाखवा, दोन्ही बाजू जरा शांत होतात.

मोहिमेची तारीख ठरवताना एक गोष्ट. पावसाळ्यानंतर माजावर आलेल्या कुत्र्यांची पिल्लं थंडीत दिसायला लागतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी हा काळ मला बरा वाटतो. रस्ते कोरडे, पिल्लं हाताला येणारी. तीन महिन्यांची झाली नाहीत म्हणून मोहिमेत पिल्लांना वगळू नका, सापडतील त्यांना टोचा. मुलांना चाटतात, ओरखडतात ती हीच. ती कुठल्या मोरीखाली लपलीत हे वॉर्डातल्या पोरांना बरोबर ठाऊक असतं. पथकाबरोबर त्यांच्यातला एक घ्या, फक्त दाखवायला, हात लावायचा नाही हे आधी दोनदा बजावून.